तळघराचं १७०१ साल आणि पाइपच्या दांड्या

अमेरिकेतल्या मेरीलँडच्या मॅनॉरमधल्या (जुन्या जमीनदारी वाड्यातल्या) तळघराच्या भरावाची तारीख आली, पण ती पटेना. तंबाखू ओढायच्या, पांढऱ्या मातीच्या पाइपच्या १२४ दांड्या मोजल्या; या दांड्यांचं भोक काळानुसार अरुंद होत गेलं, म्हणून त्यावरून साल काढतात. भोकाचा सरासरी व्यास इंचाचे ६.०२ चौसष्टांश. पुरातत्त्वज्ञ बिनफर्डचं, भोकावरून साल काढायचं सूत्र लावलं: १९३१.८५ वजा ३८.२६ गुणिले ६.०२. उत्तर साधारण १७०१. आता खांब पुरून उभारलेलं लाकडी घर १६६०च्या आसपासचं आणि विटांचं घर १७३०नंतरचं, हे आधीच ठरलेलं. मग मधेच हे १७०१ कुठून उपटलं?

सरासरी बाजूला ठेवून वाटणी पाहिली. ८/६४च्या ९, ७/६४च्या ४६, ६/६४च्या १२, ५/६४च्या ५३, ४/६४च्या ४. भोकाच्या मापावरून काळ सांगणाऱ्या हॅरिंग्टनच्या १९५४च्या तक्त्यात ६/६४ म्हणजे १६८० ते १७१०, आणि नेमक्या त्याच दांड्या विरळ! दोन काळांचा कचरा एकत्र मोजला गेला, दुसरं काही नाही. थर वेगळे केल्यावर खालचा करडा गाळ (६१ दांड्या) १६६५ला गेला आणि वरचा विटांचा चुरा (६३ दांड्या) १७३७ला. वरच्या थरात पांढरी, मिठाच्या झिलईची भांडी आहेत, जी १७२०च्या आधीची नसतात. क्रीमवेअरचा (फिकट पिवळसर झिलईच्या भांड्यांचा) मात्र कपचाही नाही, म्हणजे १७६०च्या पुढे जायला नको. झकास बसतंय.

मोजताना भोकात ड्रिल बिटची गुळगुळीत मागची बाजूच घाला. धारेच्या बाजूने भोक खरवडतं. आधी मऊ ब्रशने माती काढा, नाहीतर भोक अरुंद वाटून तारीख पुढे सरकते. जुळणारे तुकडे एकच दांडी धरा. स्थानिक लाल मातीचे पाइप मोजणीत नकोत, सूत्र इंग्लिश पाइपांवर बेतलेलं आहे. स्वस्त बिटसंचांवरच्या आकड्यांवर विसंबू नका. ५/६४ म्हणजे १.९८ मिमी, व्हर्नियरने तपासून घ्या. २ मिमीचा बिट जवळचा वाटतो, पण घट्ट भोकात अडकतो आणि दांडी उगाच ४/६४मध्ये जाते.

अडलंय ते खालच्या गाळातल्या ५/६४च्या दोन दांड्यांवर. उंदरांच्या बिळातून घसरल्या, की नंतरच्या कुंपणाचा खड्डा तिथे उतरलाय? पश्चिमेचा अर्धा भाग १० सेंमीच्या टप्प्यांनी काढायचा बेत होता. तो आता रद्द: आधी उभा छेद घासून, पाणी फवारून खड्ड्याची कड शोधायची. दोन्ही दांड्या कडेच्या आत निघाल्या, तर खालच्या थराचा हिशोब त्या वगळून पुन्हा.