लाल रेघा, पिवळे चौकोन आणि आयसी 9

डेसिबेल्सच्या स्पेक्ट्रम प्लसचा (सिंक्लेअरच्या ऐंशीच्या दशकातल्या घरगुती संगणकाची ही भारतीय आवृत्ती) दुपारचा आजार अखेर सापडला आहे. गेल्या नोंदीत लिहिल्याप्रमाणे सकाळी हे यंत्र अगदी निर्दोष चालत असे. सुरुवातीची कॉपीराइटची ओळ स्वच्छ उमटे, बेसिकमध्ये तासभर काम करता येई. मात्र दुपारी खोली तापली की पांढऱ्या पडद्यावर अक्षराएवढे पिवळे चौकोन उगवू लागत आणि थोड्याच वेळात यंत्र गोठून जाई. सोलापुरात एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या पुढे असतो, तेव्हा उष्णतेचा संबंध उघड होता. प्रश्न होता तो नेमका कोणता भाग तापून दगा देतो, याचा.

पिवळा रंग पाहिला की पहिला संशय रंगसंकेत तयार करणाऱ्या एलएम 1889 वर जातो, आणि आपल्यापैकी काहींनी तसे सुचवलेही होते. परंतु चौकोन पिवळे होत असताना त्यांच्या भोवतीची बॉर्डर मात्र पांढरीशुभ्र राहात होती, आणि माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत मोलाचा पुरावा हाच आहे. बॉर्डरचा रंग यूएलए (पडद्यावरचे चित्र तयार करणारी मुख्य चिप) स्वतःजवळ साठवते; मधल्या भागाचा रंग ती खालच्या 16 के रॅममधून, 5800 हेक्स या पत्त्यापासून सुरू होणाऱ्या, प्रत्येक चौकोनाच्या रंगाची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅट्रिब्यूटमधून वाचते. रंगसंकेताची चिप बिघडली असती तर बॉर्डरही बिघडली असती. पांढऱ्यावर काळी अक्षरे असताना प्रत्येक चौकोनाच्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये 56, म्हणजे बायनरीत 00111000, हा आकडा असतो. त्यातला बिट 3 पार्श्वभूमीचा निळा, बिट 4 लाल आणि बिट 5 हिरवा रंग ठरवतो. बिट 3 गळाला की निळा जातो, लाल आणि हिरवा उरतात, आणि त्यांच्या मिश्रणातून पिवळा दिसतो. खालच्या रॅमच्या आठ 4116 चिपांपैकी प्रत्येक चिप एकेक बिट सांभाळते. आयसी 6 कडे बिट 0, तर आयसी 13 कडे बिट 7. माझ्या बोर्डावरचे क्रमांक सिंक्लेअरच्या मूळ आराखड्याशी जुळतात, त्यामुळे बोट सरळ आयसी 9 कडे वळले.

तरीही वीजपुरवठा तपासल्याशिवाय 4116 ला दोषी ठरवणे योग्य नाही. या चिपेला +5, +12 आणि −5 असे तिन्ही व्होल्टेज लागतात, आणि −5 नाहीसे झाले तर धडधाकट चिपही मरते. टीआर 4 (+12 आणि −5 तयार करणाऱ्या भागातला ट्रान्झिस्टर) गेल्यामुळे रॅमच्या रांगा जळालेली यंत्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. भवानी पेठेतल्या टीव्ही दुरुस्तीवाल्या अण्णांचे मत वेगळे होते. ते म्हणाले, “अहो, दुपारी सगळे लूम चालू असतात, लाइन खाली येते. आधी अडॅप्टर बघा.” त्यांचा अनुभव मोठा असल्यामुळे मी अडॅप्टर घरच्या इन्व्हर्टरवर घेतला आणि लाइन पूर्ण तोडली. चौकोन तरीही उगवले. तापलेल्या अवस्थेत तिन्ही व्होल्टेज मोजले, ती स्थिर होती. हीटसिंकवर मात्र सुताच्या तुसाचा नमद्यासारखा थर बसलेला होता, कारण हे यंत्र अनेक वर्षे लूमच्या शेजारच्या खोलीत वापरले गेले होते. तो ब्रशने काढल्यावर 7805 (+5 देणारा रेग्युलेटर) बराच थंड राहू लागला. दोष केवळ उशिरा दिसू लागला, गेला नाही.

अखेर पुठ्ठ्याला एका चिपेच्या मापाची खिडकी कापली आणि सकाळच्या गारव्यात हेअर ड्रायरने रांगेतली एकेक चिप वेगवेगळी तापवली. आयसी 6, 7, 8 वर काहीच घडले नाही. आयसी 9 वर ऊब लागताच पडद्याच्या मध्यावर पहिला पिवळा चौकोन उमटला, मग त्याच्या शेजारी दुसरा. त्याच चिपेवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब सोडला आणि तो उडून जाताना ती गार झाली, तेव्हा रीसेट केलेले यंत्र पुन्हा नीट सुरू झाले. मागच्या एज कनेक्टरला लावलेल्या डायग्नॉस्टिक रॉमनेही (रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामची चिप) बिट 3 वरच बोट ठेवले. हा क्षण मी मनसोक्त अनुभवला.

चिप काढताना ती वाचवायची नसते, बोर्ड वाचवायचे असते. म्हणून बारीक कटरने तिचे सोळाही पाय कापले आणि एकेक पाय वेगळा उपसला. सोल्ड्रॉनची 25 वॉटची सोल्डरिंग आयर्न या कामाला पुरेशी आहे. बाजारातल्या स्वस्त फ्लक्स पेस्टपासून मात्र दूर राहावे, ती तांबे खाते. सॉकेट गोल छिद्रांचाच घ्यावा. पत्र्याच्या पट्ट्यांचे सॉकेट आपल्याकडच्या धुळीत टिकत नाहीत.

आता नवी चिप. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आलेल्या 4116 वरची छपाई अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने पुसली गेली, त्यामुळे त्या बाजूला ठेवल्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाण्याचा बेत होता, परंतु भंगारातल्या एका एक्सटीच्या (जुन्या पीसीच्या) बोर्डावर 4164, म्हणजे चौपट क्षमतेच्या रॅम चिपा, दिसल्या आणि बेत बदलला. 4164 ला केवळ +5 लागते. तिचा पाय 1 रिकामा असतो, त्यामुळे तिथले −5 तिला बाधत नाही. पाय 8 वर मूळ जागी +12 येते, म्हणून तो सॉकेटबाहेर वाकवावा आणि अगदी समोरच्या पाय 9 ला छोट्या तारेने जोडावा, जिथे +5 आधीच उपलब्ध असते. 4164 चा पाय 9 हा ए7 (पत्त्याची एक लाइन) असल्याने तो कायम हाय, म्हणजे 1, राहतो आणि चिपेचा ठरावीक 16 के भागच वापरला जातो. एक तार, आणि काम झाले.

आता भर दुपारी रीसेट केले तरी आधी काळ्या पडद्यावर त्या बारीक उभ्या लाल रेघा येतात (रॉम सगळ्या रॅममध्ये 2 हा आकडा भरते, त्याचेच हे रूप), त्या क्षणभरात विरतात आणि कॉपीराइटची ओळ स्थिर उभी राहते. मोबाइलवरून प्रोग्रामही भरला. बॉर्डरवरचे लाल-निळसर पट्टे संपून निळे-पिवळे पट्टे सुरू झाले आणि शेवटपर्यंत चालले.

हे लिहिता लिहिता विचार बदलतो आहे. एकच चिप बदलून थांबायचे ठरवले होते, पण आठही जागी 4164 बसवल्या तर रॅमला −5 आणि +12 ची गरजच उरणार नाही आणि टीआर 4 वरचा भार हलका होईल. एलएम 1889 साठी +12 लागतेच, त्यामुळे ती लाइन तशीच ठेवावी लागेल. उरलेल्या सात 4116 शाबूत आहेत, म्हणून त्यांचे पाय न कापता त्या सावकाश उतरवून जपून ठेवेन. सुरुवात आयसी 13 कडून करेन, कारण तिथे हात पुरायला जागा आहे. एक्सटीच्या बोर्डावरच्या आणखी चारच 4164 चाचणीत उत्तीर्ण झाल्या आहेत. कोणाकडे 150 नॅनोसेकंदांच्या तीन पडून असतील तर कृपया कळवावे.