बाहेरून खोकं, आतून ऐसपैस

कंपनीने मला ऑनसाइट म्हणून इंग्लंडमधल्या रेडिंगला पाठवलं होतं तेव्हाची गोष्ट. २००५चा मार्च. एका बाईंच्या घरी वरच्या मजल्यावरची खोली भाड्याने घेतली होती. बाई चाळिशीच्या, मितभाषी. कपडे कुठे वाळत घालायचे यापलीकडे आमचं फारसं बोलणं झालेलं नव्हतं. एका शनिवारी संध्याकाळी त्यांनी खालून हाक मारली. चहा, बिस्किटं, आणि सोफा भिंतीपासून हातभर पुढे ओढलेला. म्हणाल्या, "लहानपणी आम्ही बहिणी याच्या मागे लपून बघायचो." 'डॉक्टर' नावाच्या, परग्रहावरून आलेल्या कालप्रवाशाची 'डॉक्टर हू' ही १९८९मध्ये बंद पडलेली बीबीसीची मालिका त्या दिवशी परत येत होती.

पहिल्याच भागात दुकानाच्या काचेतले पुतळे जिवंत झाले. मग एका कचऱ्याच्या डब्याने माणूस गिळला आणि वर ढेकर दिला. मी बाईंकडे बघितलं. हेच का ते, ज्यासाठी अख्खा देश टीव्हीसमोर बसलाय? बाई हसून हसून डोळे पुसत होत्या. "पूर्वीही असंच होतं," त्या म्हणाल्या, "याहून स्वस्तातलं."

तो स्वस्तपणाच मला पुढे चिकटला. २३ नोव्हेंबर १९६३ला बीबीसीवर पहिला भाग लागला, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्याच दिवशी. त्या बातमीपुढे कोणाचं लक्ष असणार? म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पहिला पुन्हा दाखवला. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट सत्तावीस वर्षांची, दिग्दर्शक वारिस हुसैन चोवीस वर्षांचा, जन्म लखनौचा. अशा पोरांच्या हाती बीबीसीने काय दिलं? कोंदट स्टुडिओ आणि तुटपुंजे पैसे. टेप कापणं महागाचं, त्यामुळे चित्रीकरण जवळजवळ नाटकासारखं सलग. विल्यम हार्टनेल हे पहिले डॉक्टर वाक्यं चुकायचे, आणि ती चूक तशीच घरोघर पोचायची.

कालप्रवासाचं यान खरं तर प्रत्येक ठिकाणी नवं रूप घेणार होतं. रोमला खांब, जंगलात खडक, असं काहीतरी. पण दर गोष्टीला नवीन यान बांधायला पैसे कुठून आणायचे? मग ठरलं, यंत्रात बिघाड झालाय, यान एकाच रूपात अडकलंय. कसल्या रूपात, तर तेव्हा लंडनच्या कोपऱ्याकोपऱ्यावर दिसणाऱ्या निळ्या पोलिस बॉक्सच्या, म्हणजे पोलिसांना फोन करायच्या खोक्याच्या. बाहेरून टेलिफोन बूथएवढं आणि आत शिरलं की दिवाणखाना. हे पाहून इंग्रज प्रेक्षक चकित झाले म्हणे. गिरगावात दहा बाय बाराच्या खोलीत नऊ माणसं, शिवाय गावाहून आलेला पाहुणा, असं ज्यांनी पाहिलंय त्यांना यात विज्ञानकथा कुठे आहे ते समजावून सांगावं लागेल.

त्या दारावर 'ओढून उघडा' अशी पाटी आहे. यानाची दारं मात्र आत ढकलून उघडतात. पाटी खरं तर टेलिफोनच्या छोट्या झडपेची. बाईंनी हे मला इतक्या अभिमानाने सांगितलं, जणू पाटी त्यांनीच रंगवली होती.

सगळ्यात मोठी अडचण १९६६ला आली. हार्टनेल यांची तब्येत ढासळली आणि मालिका तर जोरात चाललेली. दुसरा नट आणायचा तर लोक विचारणार, हा कोण? त्यावर तोड निघाली की डॉक्टर परग्रहावरचाच, तेव्हा त्याचं शरीर थकलं की ते नवं होतं. २९ ऑक्टोबरला हार्टनेल यानाच्या जमिनीवर कोसळले आणि पाहता पाहता त्यांच्या चेहऱ्याच्या जागी पॅट्रिक ट्रॉटन यांचा चेहरा आला. जीर्ण वस्त्र टाकून नवं नेसण्याची कल्पना आपल्याला झोपेत सांगितली तरी कळते, पण त्यातून बीबीसीने एका नटाच्या आजारपणाची सोय लावली, याचं मला राहून राहून कौतुक वाटतं. आपल्याकडे गाजलेल्या नाटकाचा संच बदलला की जुने प्रेक्षक नाक मुरडतात, 'त्यांची सर नाही' म्हणतात. तिकडेही म्हणतात. प्रत्येकाचा आपला एक डॉक्टर असतो, बहुधा दहाव्या-अकराव्या वर्षी भेटलेला. बाईंचा म्हणजे टॉम बेकर, तो लांबलचक मफलरवाला. तो मफलरही चुकून तेवढा झालेला: विणणाऱ्या बाईंना लोकर जास्त दिली होती, त्यांनी ती सगळी विणून टाकली.

काटकसरीचा एक हिशोब मात्र अंगाशी आला. टेपा पुन्हा वापरता याव्यात म्हणून बीबीसीने साठच्या दशकातले कितीतरी भाग पुसून टाकले. २०१३मध्ये त्यातल्या नऊ भागांच्या प्रती सापडल्या त्या कुठे, तर नायजेरियातल्या जोस शहरात, एका टीव्ही केंद्रात. हरवलेल्या भागांचा आवाज तेवढा शाबूत आहे, कारण तेव्हाच्या पोरांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर तो भरून ठेवला होता. अशीच पोरं मला जवळची वाटतात. आमच्याकडेही रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून 'कोणी बोलू नका रे' असा दम भरला जायचा आणि नेमका तेव्हा कुकर शिट्टी द्यायचा.

आणि यान येतानाचा तो घरघराट! ब्रायन हॉजसन नावाच्या बीबीसीच्या माणसाने जुन्या पियानोच्या जाड तारांवर घराची किल्ली घासली आणि त्या आवाजावर टेपचे संस्कार केले. हे वाचलं तेव्हा मी पुण्याला परत आलो होतो. घरात पियानो नव्हता. आईचा तंबोरा होता, कोपऱ्यात, गवसणी घालून. दुपारी ती स्वयंपाकघरात आहे असं बघून गवसणी हळूच खाली केली, खिशातली फ्लॅटची किल्ली काढली आणि खर्जाच्या तारेवरून सावकाश ओढली. खर्रर्र.

आतून आईचा आवाज आला, "कोण आलंय रे?"