तेलात बुडवलेला डायोड

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी परभणीत केलेला एक प्रयोग माझ्या कायम लक्षात राहिला आहे. जर्मेनियमचा डायोड (प्रवाह मुख्यतः एकाच दिशेने जाऊ देणारा अर्धवाहक घटक) तेलात बुडवून तेल तापवायचे आणि ते निवत जाताना दर पाच अंशांनी डायोडमधून उलट दिशेने झिरपणारा प्रवाह नोंदवायचा. तापमान दहा अंशांनी वाढले की तो प्रवाह जवळपास दुप्पट होतो. या नोंदींच्या आलेखावरून जर्मेनियमचे ऊर्जा-अंतर, म्हणजे बांधलेल्या इलेक्ट्रॉनला मोकळे करायला लागणारी किमान ऊर्जा, काढतात. ते सुमारे ०.६७ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते आणि सिलिकॉनचे १.१२. तेव्हा ती परीक्षेपुरती संख्या होती. आता प्रतिमा-संवेदक (प्रकाश टिपून चित्र घडवणारी कॅमेऱ्यातली चकती) शिकवताना वाटते, की अवरक्त प्रकाशातले जर्मेनियमचे गुण आणि दोष दोन्ही याच लहान अंतरातून निघतात.

अंतर लहान असल्यामुळे कमी ऊर्जेचा प्रकाशकणही इलेक्ट्रॉनला मोकळे करू शकतो. सिलिकॉनला १.१ मायक्रॉनच्या पलीकडचे दिसत नाही. जर्मेनियमला साधारण १.८ मायक्रॉनपर्यंत दिसते. पाणी १.४५ मायक्रॉनच्या आसपासचा प्रकाश जोरात शोषते, म्हणून त्या प्रकाशात ओलसर वस्तू काळपट दिसते. आमच्याकडे मोंढ्यात सोयाबीनचा भाव करताना ओलावा पाहतातच, तेव्हा हे उदाहरण विद्यार्थ्यांना लगेच पटते. मात्र उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या जर्मेनियम भिंगाशी याची गल्लत करू नये. तिथल्या ८ ते १४ मायक्रॉनच्या किरणांची ऊर्जा या अंतराहून इतकी कमी असते की ते आरपार जातात. तिथे जर्मेनियम काचेचे काम करते, संवेदकाचे नव्हे.

क्ष-किरणांची गोष्ट वेगळी आहे. तिथे अणुक्रमांक महत्त्वाचा ठरतो, कारण शोषण त्याच्या साधारण चौथ्या घाताने वाढते; जर्मेनियमचा अणुक्रमांक ३२ आणि सिलिकॉनचा १४ आहे. ६० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे ९० टक्क्यांहून अधिक किरण एक मिलिमीटर जाडीच्या सिलिकॉनमधून निसटतात, तर तेवढेच जाड जर्मेनियम निम्म्याहून अधिक किरण अडवते. शिवाय एक इलेक्ट्रॉन-विवर जोडी (मोकळा झालेला इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा) तयार करायला त्याला सुमारे ३ इलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात, म्हणून किरणाची ऊर्जा फार बारकाईने मोजता येते.

पण तेलातल्या डायोडचा तो झिरपा इथेही पाठ सोडत नाही, कारण अंतर लहान असल्याने नुसत्या उष्णतेनेही इलेक्ट्रॉन मोकळे होतात. ऊर्जा मोजणारे अतिशुद्ध जर्मेनियमचे शोधक म्हणूनच उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनने थंड ठेवतात. अवरक्त कॅमेऱ्यासाठी सिलिकॉनच्या चकतीवर जर्मेनियमचा थर वाढवला, तर स्वस्तात पुष्कळ संवेदक बनू शकतात. पण दोघांच्या स्फटिकजाळ्यांत ४.२ टक्क्यांचा फरक असल्याने थरात दोष पडतात आणि अंधारातही वाहणारा प्रवाह आणखी वाढतो. माझ्या मते या पदार्थातली खरी मेहनत हा प्रवाह आवरण्यातच आहे, विशेषतः जो कॅमेरा मे महिन्यात परभणीच्या एखाद्या पत्र्याच्या गोदामात नायट्रोजनाविना चालावा अशी अपेक्षा आहे, त्याच्यासाठी.