भाड्याचं घर, आपलं सामान आणि विम्याचा क्लेम

आम्ही विक्रोळीच्या कन्नमवार नगरात भाड्याने राहतो. लिव्ह अँड लायसन्सचा करार, दर 11 महिन्यांनी नवा. त्यात एक कलम असतं, एजंट ते भरभर वाचून पुढे जातो: भाडेकरूच्या सामानाचं काही झालं तर मालक जबाबदार नाही. सोसायटीने विमा उतरवलेला असतो, पण तो इमारतीचा. म्हणजे भिंती, स्लॅब, लिफ्ट यांना वाली आहे. हप्त्यांवर घेतलेला फ्रीज, सासूबाईंचं शिलाई मशीन, लेकीचा लॅपटॉप हे सगळं वाऱ्यावर.

एका गणपतीत निम्मी कॉलनी कोकणात गेलेली असताना शेजारच्या इमारतीत कडीकोयंडा उचकटून घरं फोडली, तेव्हा मी विम्याचा विषय काढला. नवरा म्हणाला, "आपल्याकडे न्यायला आहे काय?" म्हणून एका रविवारी वही घेऊन खोलीवार यादी केली. प्रत्येक वस्तू आज दुकानात घ्यायला गेलं तर काय पडेल, ती किंमत समोर लिहिली. बेरीज सहा लाखांच्या वर गेली. त्यात कपडे, गाद्या आणि स्वयंपाकघरातली भांडीच केवढ्याची निघाली! त्याने यादी वाचली आणि तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

पहिला एजंट भेटला तो म्हणाला, घर तुमच्या नावावर नाही, मग विमा कशाचा? हे साफ चूक. 1 एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' नावाची ठरावीक साच्याची पॉलिसी आहे. तीत भाडेकरूला इमारत सोडून फक्त घरातल्या सामानाचा विमा घेता येतो. आग, पूर, वादळ, भूकंप, दरड, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाईप फुटणं, अशा गोष्टी त्यात येतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला होता. त्या वेळी तळमजल्यावर राहिलेल्या माणसाला पुराचं कलम समजावून सांगावं लागत नाही.

पण चोरीचं काय? आपण ज्या भीतीने विमा घ्यायला निघतो, नेमकी तीच गोष्ट मूळ पॉलिसीत जवळजवळ नाही. आग, पूर यांसारखी घटना घडली आणि त्यानंतर 7 दिवसांच्या आत सामान चोरीला गेलं, तरच ती चोरी धरतात. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं आणि ते आपण मागितल्याशिवाय कोणी सुचवत नाही. त्यातही बहुतेक ठिकाणी कुलूप, दार, खिडकी फोडल्याची खूण लागते. जबरदस्तीने आत शिरल्याची ही अट सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये मान्य केलेली आहे. दार उघडं राहिलं आणि टेबलावरचा मोबाइल गेला, तर कंपनी हात वर करू शकते. रोख रक्कम यात येत नाही. दागिने वेगळे नोंदवावे लागतात, जास्त किमतीचे असतील तर किमतीच्या दाखल्यासकट. गावाला जाणाऱ्यांनी आणखी एक अट वाचावी: घर सलग किती दिवस बंद राहिलेलं चालतं.

घरफोडीचं कव्हर जोडून आणि 18 टक्के जीएसटी धरून आमचा वर्षाचा हप्ता बाराशेच्या आत बसला. एवढ्यात आम्हा चौघांचं बाहेरचं एक जेवण होत नाही.

क्लेमची वेळ आली ती चोरीमुळे नव्हे, पाण्यामुळे. वरच्या घरातल्या गिझरचा पाईप फुटला. ते लोक घरी नव्हते आणि आम्ही देवगडला. वॉचमनने जिन्यावरून वाहणारं पाणी पाहून व्हॉल्व्ह बंद केला, तोवर आमच्या छतातून बेडरूममध्ये धार लागून गेली होती. प्लायचं कपाट खालून फुगलेलं, गादी चिंब, टीव्ही बंद. घरमालक काका डोंबिवलीहून आले, रंगाचं आणि वायरिंगचं मी बघतो म्हणाले आणि बाकीकडे बघून नुसते हळहळले. त्यांचंही चूक नाही. करारात तेच लिहिलंय.

कंपनीच्या हेल्पलाइनवर त्याच दिवशी कळवलं. फोटो आणि व्हिडिओ आवरासावरीच्या आधी काढले. सासूबाईंना ती गादी घरात नको होती, आणि कंपनीतर्फे नुकसान तपासणारा सर्व्हेअर येईपर्यंत काही टाकायचं नसतं हे त्यांना समजावणं हे सगळ्यात कठीण काम ठरलं. कागदांचं एवढं अवघड गेलं नाही. करारनामा, क्लेम फॉर्म, कॅन्सल चेक, टीव्हीचं सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट. बिलं कुठली सापडायला? पण फ्रीज-टीव्ही शॉपिंग अॅपच्या जुन्या ऑर्डरींत होते, कपाटाचे पैसे बँक स्टेटमेंटमध्ये दिसले, आणि ती वही होतीच.

अडलं ते सोसायटीच्या पत्रापाशी. पाईप अमुक तारखेला फुटला, एवढंच सेक्रेटरींनी लेटरहेडवर लिहून द्यायचं होतं. पण वरच्या दादांच्या कानावर कोणीतरी घातलं की विमा कंपनी आम्हाला पैसे देऊन नंतर त्यांच्याकडून वसूल करते. तसा हक्क कंपनीकडे जातो, हे खरं आहे. मग ते चहाला बोलावून म्हणू लागले, "वहिनी, थोडे पैसे घ्या आणि आमची काही तक्रार नाही असं लिहून द्या." तसं काही लिहून द्यायचं नसतं, आपण त्यांना माफ करून बसलो तर आपलाच क्लेम अडचणीत येतो. मी चहा घेतला, सही केली नाही. शेवटी सेक्रेटरींनी कोणाचा दोष न लिहिता फक्त घटना लिहून दिली आणि तेवढं पुरलं.

सर्व्हेअर शांत गृहस्थ होते. बाथरूमलगतच्या भिंतीवरची जुनी ओल त्यांनी लगेच ओळखली आणि तिथल्या ट्रंकेतल्या बुरशी आलेल्या चादरी बाजूला काढल्या. हळूहळू मुरलेली गळती म्हणजे पाईप फुटणं नव्हे. मला राग आला, पण बरोबर होतं. कपाट आणि गादीला तशाच नव्या वस्तूची किंमत धरली, त्यातून भंगाराचे पैसे वजा झाले. टीव्ही दुरुस्त होणारा होता, म्हणून दुरुस्तीचं बिल. पैसे खात्यात आले. कंपनीने नाकारलं असतं किंवा महिनाभर उत्तरच दिलं नसतं, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. माझ्यावर ती वेळ आली नाही.

आता करार संपतोय आणि आम्ही भांडुपला जातोय. पॉलिसी पत्त्याला बांधलेली असते, जुन्या पत्त्याची पॉलिसी नव्या घरातल्या सामानाला लागू होत नाही. तेव्हा टेम्पोवाल्याशी घासाघीस करायच्या आधी पत्ता बदलाचा अर्ज पाठवलाय, आणि वहीत वॉशिंग मशीनची नवी किंमत टाकलीय.