आजीच्या ओव्या आणि साइटला लागलेली कीड

आजीच्या जात्यावरच्या ओव्या मी आधी ब्लॉगरवर, म्हणजे गूगलच्या ब्लॉग लिहायच्या सोयीवर, उतरवून ठेवत होते. फुकट, सोपं, गूगलच्याच खात्यावर चालणारं. खटकायचं ते एवढंच, की मराठी शीर्षक दिलं तरी पानाच्या पत्त्यात ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एखादा आकडा यायचा. तेवढ्यासाठी डोमेन, म्हणजे साइटचा स्वतःचा पत्ता, घेतलं, वर्षाचं होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायला भाड्याची जागा, घेतलं आणि तिथे साइट चालवणारं वर्डप्रेस बसवलं. (पत्ता मराठीत आला खरा, पण व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवला की एकेका अक्षराची नऊ नऊ चिन्हं होऊन हातभर माळ लागायची.)

वर्डप्रेस डॉट कॉमवर लिहिलं तर सर्व्हर, अपडेट सगळं तेच बघतात. डॉट ऑर्गवरून उतरवून आपल्या होस्टिंगवर बसवलं तर घर आपलं आणि कुलूपही आपलंच. मी हे दुसरं केलं होतं, पण हा फरक मला तेव्हा कळलाच नव्हता. विकतची एक थीम, म्हणजे साइटचं तयार रूपडं, कुठल्याशा साइटवर फुकट मिळाली, ती टाकली. यूजरनेम ‘अ‍ॅडमिन’, कुणीही ओळखावं असं. अपडेटची लाल खूण दिसायची, ‘रविवारी बघू’ म्हणायचे.

एक दिवस मावशीचा फोन आला. “अगं, गूगलवर आपल्या ओव्या शोधल्या तर औषधांच्या गोळ्यांच्या जाहिराती येतायत!” मी साइट उघडली तर सगळं जागच्या जागी. तिचंच काहीतरी चुकलं असेल म्हणून आठवडा घालवला. मग गूगलमध्ये ‘साइट’ हा इंग्रजी शब्द, कोलन आणि पुढे आमचा पत्ता टाकून पाहिलं. मी कधीही न लिहिलेली शेकडो पानं! थीमबरोबर आलेला कोड गूगलच्या रोबोटला एक पान दाखवत होता आणि मला दुसरं.

अपलोड्स नावाच्या फोल्डरमध्ये फक्त फोटो असायला हवेत. आजीच्या जात्याच्या फोटोशेजारी तिथे दोन पीएचपी फाइली, म्हणजे सर्व्हरवर चालणारा कोड, बसल्या होत्या. पुसल्या. सकाळी पुन्हा हजर. मूळ थीममध्येच होतं, वरवर निवडून काय उपयोग! शेवटी लेख एक्सपोर्ट केले, फोटो एकेक पाहून वेगळे काढले आणि बाकी सगळं पाडलं. वर्डप्रेस नव्यानं बसवलं, डेटाबेसचा पासवर्ड बदलला, वर्डप्रेसच्या सेटिंग असलेल्या कॉन्फिग फाइलमधल्या गुप्त किल्ल्या बदलल्या. त्या बदलल्या की आत लॉगिन असलेले सगळे एकदम बाहेर फेकले जातात. होस्टिंगवाल्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: बॅकअप ही ग्राहकाची जबाबदारी.

साइट साफ झाली, तरी मी तिथे राहिले नाही. ज्याला दर आठवड्याला अपडेट बघायला जमतं त्यानं स्वतःचं होस्टिंग जरूर घ्यावं. मला नोकरी आणि घर सांभाळून ते जमत नाही, हे मी मान्य केलं. डोमेन तेच ठेवून ब्लॉगरवर परत आले. आता सांभाळायचं आहे ते एकच गूगल खातं, पण ते डोळ्यांत तेल घालून. पासवर्ड दुसरीकडे कुठेही न वापरलेला, टू-स्टेप (पासवर्डनंतर फोनवरूनही खात्री) चालू, आणि फोन हरवला तर लागणारे बॅकअप कोड कागदावर छापून कपाटात, आजीच्या वहीजवळ. डोमेनच्या खात्यालाही तसाच बंदोबस्त. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्या लेखांची एक्सएमएल फाइल उतरवते. त्या फाइलीत फोटो नसतात, नुसत्या लिंका असतात, म्हणून फोटो पेनड्राइव्हवर वेगळे.

या सगळ्या धावपळीत सहा ओव्या गेल्या. आजीनं फोनवर सांगितलेल्या, मी थेट साइटवरच टाइप केलेल्या, वहीत नसलेल्या. तिला पुन्हा विचारल्या. पाच आठवल्या. सहावीची पहिली ओळ तिनं म्हटली, थांबली, आणि म्हणाली, “पुढचं जात्यावर बसल्याशिवाय यायचं नाही गं.” दिवाळीत गावी गेल्यावर माळ्यावरचं जातं खाली काढायचं ठरवलंय.