आमची वाटचाल : बिनशिशाचे जिग

जिग म्हणजे मासे धरायचा गळ, ज्याच्या दांडीवर धातूचं जड डोकं ओतलेलं असतं. शिसं न वापरता असे जिग ओतायचे ठरवलं, तेव्हा धंद्यातल्या प्रत्येकाने आम्हाला एकच हिशेब ऐकवला. शिशाची घनता 11.34, कथलाची 7.3, मग तुमचा गळ तळाला जाणार कधी? हिशेब खोटा नव्हता. त्यावर तोड काढली ती माझ्या भागीदाराने. तो पिढीजात ओतारी, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. त्याने 58 भाग बिस्मथ आणि 42 भाग कथील असा मेळ बसवला. हा रस 138 अंशांच्या आसपास वितळतो आणि घनता साडेआठच्या पुढे जाते. शिशाच्या 10 ग्रॅमच्या साच्यात याचं साडेसात ग्रॅम भरतं, म्हणून आम्ही साचेच मोठे कोरले. नुसतं बिस्मथ जास्त जड, 9.78, पण ठिसूळ. खडकावर आपटलं की गळ हातात आणि डोकं पाण्यात. टंगस्टन शिशाहून कितीतरी जड, पण ते 3422 अंशांना वितळतं. त्याची भुकटी इपॉक्सीत कालवून दाबावी लागते. ते काम निराळं.

बिस्मथ पाण्यासारखं गोठताना फुगतं. त्यामुळे साच्यातली बारीकातली बारीक रेघ उठून येते. माशाचा डोळा, कल्ल्याची कड, सगळं. पहिला स्वच्छ जिग साच्यातून निघाला तेव्हा दादाने तो अंगठ्यावर घासला, गळाचं नेढं उजेडाला धरून सरळ असल्याची खात्री केली आणि काही न बोलता पुढचा ओतायला घेतला.

नंतरची पाच वर्षं बरी गेली.

मग तो लॉट आला. दादा आजारी होता, म्हणून कथील मी आणलं. दादा आणायचा तेव्हा प्रत्येक कांब कानाशी धरून वाकवायचा. शुद्ध कथील वाकताना करकरतं, अगदी स्पष्ट ऐकू येतं. शिसं मिसळलं की तो आवाज दबतो. मी कानाला लावली नाही. तापमापक भिंतीवर होता, तोही पाहिला नाही. पाहिला असता तर कळलं असतं, कारण कथील 232 अंशांना वितळतं आणि माझ्या कांबा 190 च्या आतच पातळ झाल्या होत्या. कथील म्हणून मला डाखाचा धातू, म्हणजे सोल्डर, विकला होता. त्यात चाळीस टक्के शिसं.

हे उघडकीस आणलं गुरुजींनी. आमचे पहिल्या दिवसापासूनचे गिऱ्हाईक. रबरी आमिषाची शेपटी दुमडली होती, ती सरळ करायला त्यांनी आमिष जिगसकट उकळत्या पाण्यात बुडवलं. सगळेच करतात तसं. वर काढलं तर गळाला नुसतं रबर, आणि भांड्याच्या तळाशी धातूचा चकचकीत गोळा. बिस्मथ, कथील आणि शिसं एकत्र आले की मिश्रण 96 अंशांनाच वितळायला लागतं. गुरुजींनी गावभर बोभाटा केला नाही. गळ आणि गोळा रुमालात बांधून थेट माझ्याकडे आणून दिला.

बोभाटा दुसऱ्याने केला. आमच्याच धंद्यातला माणूस, स्वतः आजही शिसंच ओततो. त्याने दुकानादुकानात फिरून सांगितलं की यांच्या मालात शिसं असतं, पहिल्यापासूनच असतं. एका लॉटची चूक त्याने पाच वर्षांच्या मालावर फासली. मी सगळा लॉट परत मागवला, प्रत्येकाचे पैसे दिले. तो धातू पुन्हा मुशीत घातला नाही, कारण त्यातून शिसं वेगळं काढणं आमच्या भट्टीत होत नाही. तरी अकरा महिने ऑर्डर जवळपास बंद होत्या. त्या दिवसांत गुरुजी दर आठवड्याला यायचे, लागोत न लागोत दहा जिग घेऊन जायचे. हे मी विसरणार नाही. त्या माणसाने काय केलं तेही विसरणार नाही.

नवीन कोणी या कामात उतरत असेल तर सांगतो. शिशाची जुनी पळी घासून वापरू नका, नवी घ्या. साचा कोरडाठाक आणि गरम हवा. ओल राहिली तर वाफ होऊन रस अंगावर उडतो. साच्याला दिव्याची काजळी धरा. आणि भट्टीत भाजायचा पावडर रंग या मेळावर चालत नाही. तो साधारण 180 अंशांना पिकतो, तोवर जिगचा पार रस झालेला असतो. हवेवर वाळणारा रंगच लावा.

शिसं का नको, हे अजून कोणी विचारलं की मी हंसांचं सांगतो. ब्रिटनमध्ये शिशाची छोटी वजनं गिळून हंस मरत होते. म्हणून 1987 मध्ये तिथे 28.35 ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या बहुतेक वजनांवर बंदी आली. आमचे सगळे जिग त्याच मापातले.

दादा बरा होऊन परत आला, पण भट्टीपुढे आता फार वेळ उभा राहत नाही. खुर्चीत बसून कांबा ऐकतो. नवी कांब आली की आधी त्याच्याकडे, मग तापमापकाकडे, मग थोडा मेळ करून उकळत्या पाण्यात. त्या लॉटची आठवण काढणारे दुकानदार अजून भेटतात. शिसं नाही ना, असं विचारतात. मी वाद घालत नाही. त्यांनाच पेटीतला हवा तो जिग उचलायला सांगतो आणि पातेलं चढवतो.