डोळे काळेभोर होतात तेव्हा

उडी मारणाऱ्या कोळ्यांचे माझे फोटो पाहिले की पुष्कळजण एकच गोष्ट विचारतात : एवढासा जीव कॅमेऱ्यासमोर इतका शांत बसतो कसा, की त्याला आधी फ्रिजमध्ये ठेवता? तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते. फ्रिजमध्ये मी त्याला कधी ठेवलेले नाही आणि ठेवणारही नाही. थंडीने मरगळलेला कोळी पाय आखडून घेतो, आणि ज्या नजरेसाठी मी तासभर खोळंबते ती नजरच त्यात उरत नाही.

हा कोळी जाळे विणून भक्ष्याची वाट पाहत नाही, नजरेने हेरून झेप घेतो. त्याच्या आठ डोळ्यांपैकी कडेच्या डोळ्यांना हालचाल जाणवली की तो झटकन वळतो आणि समोरचे दोन मोठे डोळे तिकडे रोखतो. गोव्यातल्या सावईवेऱ्याच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पोफळीवर चढलेल्या पानवेलीपाशी मी कॅमेरा अगदी सावकाश पुढे सरकवते, तेव्हा तो थांबतो तो मला निरखण्यासाठी.

त्या मोठ्या डोळ्यांची भिंगे जागची हलत नाहीत; त्यांच्यामागे लांबट नळ्या असतात, नळीच्या तळाशी दृष्टिपटल असते आणि स्नायू ती नळी आतल्या आत फिरवतात. नळी बाजूला वळलेली असताना डोळ्यात तपकिरी झाक दिसते आणि ती माझ्याकडे रोखली गेली की तोच डोळा काळाभोर होतो. दोन्ही डोळे एकदम काळे झाले की मी बटण दाबते. खऱ्याच्या दुप्पट आकारात टिपताना लेन्सचे छिद्र एफ/११ इतके लहान ठेवूनही जेमतेम अर्धा मिलिमीटर भाग स्पष्ट येतो, म्हणून डोळे साधून पाय धूसर राहू देते. फ्लॅशपुढे ट्रेसिंग पेपर हवाच, नाहीतर डोळ्यांत पांढरा ठिपका चकाकतो.

काजूवर हुमल्यांचे, म्हणजे झाडावरच्या तांबड्या मुंग्यांचे, सोंग घेणारा कोळी मात्र, पुढचे पाय मुंगीच्या मिशांसारखे उंचावत, सारखा पळत असतो. त्याचा मनासारखा फोटो मला अजून मिळालेला नाही.

कधीकधी निरखून झाल्यावर कोळी पानाला धागा चिकटवतो आणि थेट लेन्सच्या कडेवर उडी घेतो. मग मी कॅमेरा पानाला टेकवून धरते आणि तो उतरेपर्यंत हलत नाही.